ढाळ कुणी मागत नाही, तुंबलं की मात्र फोन येतो

पहारवाला | २४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय. आज लिहायला बसलो कारण डोकं तापलंय.

मी पुण्यात खोदकाम, ड्रेनेज आणि बागेखालचं सगळं मातीकाम करतो. सोळा वर्षं झाली. बिगारी म्हणून लागलो, मग गवंड्याच्या हाताखाली, मग एका लायसनवाल्या प्लंबरकडे, आता स्वतःची नऊ माणसं आहेत. जेसीबी भाड्याचा, ब्रेकर भाड्याचा. धुमस (माती ठोकून दाबायचं अवजार) आणि लेव्हलची नळी तेवढी माझी.

मुळशी रस्त्याच्या बाजूला बंगल्यांची सोसायटी आहे. एका बंगल्यामागे साठ बाय पन्नासचं लॉन करायचं होतं. मला बोलावलं तेव्हा लँडस्केपचा नकाशा फायनल झालेला, पेव्हर ब्लॉकची ऑर्डर गेलेली, चाफ्याची झाडं नर्सरीत सांगून ठेवलेली. नकाशात बाक होता, दिवे होते, पाखरांना पाणी प्यायचं भांडंसुद्धा होतं. पावसाचं पाणी कुठून जाणार एवढंच नव्हतं. मला म्हणाले, "तुम्ही फक्त लाईन टाकून द्या."

खाली चार फूट काळी माती, मग मुरूम. मी म्हटलं, साहेब, साठ फुटाला सात इंच तरी उतार द्या. मालक म्हणाले, उतार डोळ्याला दिसतो, आम्हाला टेबल-खुर्च्या मांडायच्यात, एकदम सपाट पाहिजे. बरं. कडेने भोकाचा चार इंची पाईप खडीत बसवला, वरून जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, गुंडाळलं, आणि तिथून सहा इंची लाईन १२० फूट नेऊन सोसायटीच्या चेंबरला जोडली. नियमाने दोन फूट पडती हवी होती, २० इंच मिळाली. पावसाचंच पाणी आहे, चालून जातं.

गेल्या आठवड्यात पहिला दणका पाऊस झाला. लॉनचं तळं. मालकांनी फोटो पाठवला, त्यात खुर्चीवर एक बेडूक बसलाय. खाली एकच ओळ: "तुमचं काम फेल आहे." रिटेन्शनचे, म्हणजे काम टिकतं का बघायला मागे ठेवलेले, ४०,००० अडकले. पेव्हरवाल्याचे पूर्ण मिळाले, झाडवाल्याचे मिळाले, ज्यांनी नकाशा काढला त्यांचे तर आधीच मिळाले होते.

या लाईनमधले कोणी इथे असतील तर सांगा, काम धरताना कागदावर काय काय घेता?

---

वाचनमात्र | २४ जून, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली आहे. बेडकाचा फोटो टाका.

---

निवृत्त_ओव्हरसिअर | २५ जून, सकाळी ६:२०

पहारवाले, राग थोडा बाजूला ठेवा आणि हिशेब करू. तीन हजार चौरस फूट म्हणजे २७९ चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावर जवळजवळ १४,००० लिटर पाणी येतं. दहा हजारी टँकरचा दीड टँकर म्हणा. तो तुमच्या भोकाच्या पाईपात शिरायचा कसा? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, दोन बोटं आत जातात. पहिल्या सरीचं पाणी त्या भेगांत गडप होतं आणि सगळ्यांना वाटतं, वा, काय जिरतंय! दोन दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती डब्याच्या झाकणासारखी बंद. काळ्या मातीत पाझरावर भिस्त ठेवायचीच नाही. पाणी वरच्या वर, उतारावरूनच काढायचं. हे तुम्ही मालकांना सांगितलंत, बरोबरच सांगितलंत. पण लिहून दिलं होतंत का?

आता दुसरं. तुम्ही सगळं खापर लॉनच्या सपाटीवर फोडताय. पाऊस चालू असताना शेवटचं चेंबर उघडून पाहिलंत का? आणि लाईनला आरसा-बॅटरी लावली होती का?

---

पहारवाला | २५ जून, दुपारी १:४०

काका, लिहून दिलं नव्हतं. तोंडी. आरसा-बॅटरी लावली नाही, बादलीभर पाणी सोडून पाहिलं, आलं धो धो. शेवटचं चेंबर पावसात नाही पाहिलं. रविवारी जातो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चेंबर टू चेंबर लाईन असते, एका चेंबरमध्ये बॅटरी मारायची, दुसऱ्यात आरसा तिरका धरून बघायचं. पूर्ण गोल दिसला तर लाईन सूतात आहे. चंद्रकोर दिसली तर मध्ये कुठेतरी पाईपचं पोट पडलंय.

---

घरमालक | २५ जून, दुपारी ३:०५

दुसरी बाजू मी मांडतो, राग मानू नका. आम्हाला खाली काय चाललंय ते दिसत नाही आणि त्याचाच फायदा घेतला जातो. टाकीसाठी खड्डा घेतला, २० बाय १० बाय ४. म्हणजे ८०० घनफूट, ८ ब्रास. बिल आलं दोन ब्रासच्या पाच टिपरांचं, १० ब्रास. वरचे दोन ब्रास कुठून आले विचारलं तर मुकादम हसायला लागला. शेवटी दिले पैसे. चोरी ती चोरीच.

---

मातीवडार | २५ जून, रात्री ८:३०

घरमालक साहेब, मुकादमाने हसायला नको होतं, समजावायला पाहिजे होतं. पण चोरी नाही ती. जमिनीत माती दाबून बसलेली असते. खणून वर काढली की फुगते. काळी माती चारच्या जागी पाच होते, कधी जास्तच. तुमच्या ८ ब्रासच्या खड्ड्यातून टिपरात १० ब्रास भरली जाणारच. म्हणून दर ठरवतानाच बोलून घ्यायचं की खोदकाम खड्ड्याच्या मापाने आणि वाहतूक गाडीच्या मापाने. तुम्हाला फसवायचंच असतं तर गाडीचा फाळका (हौद्याची कडेची फळी) अर्धा फूट कमी भरून सहावी खेप दाखवली असती. ती मोजा. फाळका, लांबी, रुंदी, टेप तुमच्या हातात.

उलटंही आहे बरं. भराव टाकताना मोकळी माती दहा ब्रास टाकली तर पाणी मारून धुमस केल्यावर आठ राहते. ज्याने धुमस न करता पेव्हर बसवले त्याचा खड्डा पहिल्या पावसाळ्यातच दिसतो.

आमचं घराणं मातीकामाचं. आजोबा खड्डा घेताना मध्ये मातीचा एक खुंट तसाच ठेवायचे, वर गवतासकट. मोजणीला साहेब आला की त्या खुंटावरून मूळ जमीन कुठे होती ते दिसायचं. खुंट पाडला की भांडण ठरलेलं.

---

निवृत्त_ओव्हरसिअर | २५ जून, रात्री ९:१०

अगदी. १९७२ च्या दुष्काळात कामावर लागलो तेव्हा ते खुंट मोजण्यातच माझं पहिलं वर्ष गेलं. रोजगार हमीची कामं म्हणजे माती आणि खडी. बायका खुंटाच्या डोक्यावरचं गवत जपायच्या, कारण तेवढ्यावर हप्ता ठरायचा.

---

लव्हाळा | २६ जून, सकाळी ११:००

मी नाशिकला नर्सरी आणि बागांची देखभाल बघते. पहारवाले भाऊ, तुमच्यानंतर जी बाई त्या लॉनवर बसून खुरपते ना, तिची बाजू कोणी मांडत नाही, म्हणून लिहिते.

लॉन पिवळं पडलं की पहिला फोन मला. खत कमी पडलं का, औषध मारा. मी खुरपं घालून वीतभर उकरते. चार इंच लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, प्लास्टरचे ढेकळे, सिमेंटच्या गोण्या. बिल्डरचा राडारोडा तिथेच पुरलेला असतो. चुनखडीसारखं झालेलं असतं सगळं, मुळं खाली जातच नाहीत. यावर कुठलं औषध?

आणि लव्हाळा, ते चिवट तण. नाव उगाच नाही घेतलं मी. शेणखत नीट कुजलेलं नसेल किंवा माती कुठल्या तरी मळ्यातून आणली असेल तर त्याच्या गाठी आल्याच. वरून उपटला की खालच्या गाठीतून पुन्हा येतो. गाठीसकट काढायला बाईला एक चौरस मीटरमागे किती वेळ लागतो ते कधी बसून बघा. तरी हजेरी लावताना माळ्याची वेगळी, बाईची वेगळी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. मी माझ्याकडे एकच दर केला तर दोन माळी सोडून गेले. गेले तर गेले.

अवांतर: सपाट लॉन मागणाऱ्यांना मी सांगते, मधोमध चार इंच उंच करा आणि चारी बाजूंना सोडा. कासवाच्या पाठीसारखं. खुर्चीला कळतही नाही. 'उतार' शब्द काढला की लोक बिचकतात, 'कासवाची पाठ' म्हटलं की हो म्हणतात.

---

पहारवाला | २६ जून, दुपारी १:२०

ताई, हे कासव मी पुढच्या कामाला वापरणार.

---

तळकोकणी | २६ जून, रात्री १०:००

तुमच्या पुण्यात पाणी जात नाही, आमच्याकडे ते सगळं घेऊन जातं. सिंधुदुर्गात जांभ्याचा चिरा. जुने लोक गडगा घालायचे, दगडावर दगड, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. पाणी फटीतून निघून जायचं, गडगा उभा. आता मुंबईहून सेकंड होमवाले येतात, त्यांना गडगा गावठी दिसतो. उतारावर सहा फूट चिऱ्याची भिंत, सिमेंटात, वर पाणी जायला एक भोक नाही. मागे लाल मातीचा भराव. मिरगाचा पाऊस लागला की भराव भिजून जड होतो आणि भिंत पोट काढते. मग फोन, "भाऊ, क्रॅक गेलाय, जरा बघता?" बघतो ना. चार-चार फुटांवर पाईपचे तुकडे घालून भोकं ठेवा, मागे फूटभर खडी भरा, एवढंच सांगितलं होतं. भोकातून शेवाळाचे डाग पडतात म्हणून नको झालं.

---

हॅरोकर | २७ जून, रात्री १:१५ (तुमच्या वेळेनुसार)

मी लंडनच्या उत्तरेला हेच काम करतो, मूळचा सातारचा. इथली चिकणमाती म्हणजे आपल्या काळ्या मातीची मावसबहीण, उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात फुगते. फरक कागदात आहे. घरापुढची पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायची आणि पाणी बागेतही सोडायचं नसेल तर २००८ पासून परवानगी लागते. शोषखड्डा घरापासून पाच मीटर लांब. आणि खड्डा खोदण्याआधी जमिनीची परीक्षा: एक फूट चौकोनी, एक फूट खोल भोक घ्यायचं, पाण्याने भरून रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा भरायचं आणि पाऊण भोकावरून पाव भोकावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. उतरलंच नाही तर शोषखड्डा विसरा.

या परीक्षेला खर्च शून्य. पुण्यातही घेता येईल. मालकाच्या समोर घ्या, त्याच्याच घड्याळावर.

---

घरमालक | २७ जून, सकाळी ९:३०

मातीवडार, समजलं. मुकादमाची माफी मागत नाही, पण चोरी शब्द मागे घेतो. हॅरोकरांची परीक्षा मी माझ्या अंगणात करून बघणार.

---

मातीवडार | २७ जून, रात्री ९:४५

पैशाचं चाललंय म्हणून एक वेगळं सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी मी एका मोठ्या साइटवर होतो. चर सात फूट खोल, अडीच फूट रुंद, आदल्या रात्री पाऊस झालेला. खणलेली माती चराच्या काठालाच ढीग लावून ठेवलेली, कारण लांब टाकायला जेसीबीचा वेळ जातो. कलबुर्गीकडचा एक पोरगा खाली पाईपला कॉलर बसवत होता. काठ सुटला. आवाज पण मोठा नाही झाला, पोतं टाकल्यासारखा. छातीपर्यंत माती. तो ओरडतही नव्हता. श्वास सोडला की माती तेवढी आत सरकायची, पुढचा श्वास तेवढा लहान. जेसीबीवाला बकेट घेऊन पुढे आला, आमच्यातल्या म्हाताऱ्या मुकादमाने त्याच्या काचेवर दगड मारला. खरंच दगड मारला. मशीन काठाशी आलं असतं तर दुसरी बाजूही गेली असती, आणि बकेटने माणूस काढायचा नसतो, तुटतो. फळ्या आडव्या लावून, हाताने, घमेल्याने काढला त्याला. चाळीस मिनिटं लागली. वाचला. बरगड्या गेल्या.

आयएस ३७६४, म्हणजे खोदकामातल्या सुरक्षेचं भारतीय मानक, त्यात लिहिलंय, दीड मीटरच्या वर चर गेला की आधार द्यायचा. दीड मीटर म्हणजे आपल्या खांद्याच्या आसपास. म्हणून मी पोरांना आकडा सांगत नाही, खांदा सांगतो. खांदा बुडाला की फळ्या आणि जॅक लागलेच पाहिजेत, नाहीतर वर या. ढीग काठापासून पाच फूट लांब. मालक म्हणतो जागा नाही. मग काम नाही.

एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते.

---

लव्हाळा | २७ जून, रात्री १०:३०

वाचून हात थांबला. त्या मुलाला भरपाई मिळाली?

---

मातीवडार | २७ जून, रात्री १०:५०

दवाखान्याचा खर्च दिला, वर थोडे हातावर ठेवले. त्याची बांधकाम कामगार मंडळात नोंदणीच नव्हती. नोंदणीला वर्षातले ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार दाखला देताना बिचकतात, सही केली की माणूस आपला ठरतो म्हणून. त्यानंतर मी माझ्या सगळ्यांचे दाखले दर वर्षी जानेवारीत करून टाकतो. माणूस आपलाच असतो, सही केली काय न् नाही काय.

---

निवृत्त_ओव्हरसिअर | २८ जून, सकाळी ६:०५

चराचं झालं, चेंबरचंही सांगून ठेवतो. पहारवाले रविवारी चेंबर उघडणार आहेत. पावसाचं असलं तरी सोसायट्यांमध्ये मैल्याची लाईन कुठे जोडलेली असेल भरवसा नाही. झाकण काढून ठेवा, बाजूची दोन झाकणंही काढा, वेळ जाऊ द्या. आत माणूस उतरवायचा नाही. काडी पेटवून 'गॅस बघणारे' मी पाहिलेत, तो मूर्खपणा आहे. सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही, जास्त झाला की नाकच मरतं. मैल्याच्या चेंबरात संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. मृत्यू झाला तर भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली होती, २०२३ मध्ये ३० लाख केली. तरी सकाळी पेपर उघडला की बातमी असतेच.

अवांतर, पण राहवत नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळातून आणलं. त्या लाईनवर जागोजागी उच्छ्वास आहेत. हवा सुटावी, गाळ खाली बसावा आणि माणसाला साफ करता यावं म्हणून. पंप नाही, वीज नाही, फक्त ढाळ. नळ एवढा मोठा की आत माणूस चालतो. आम्ही तरुणपणी तो बघायला गेलो होतो, आमचे साहेब आत पाच मिनिटं गप्प उभे राहिले. त्याच कात्रजहून निघणारा आंबील ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घरांत शिरला.

---

पहारवाला | ३० जून, रात्री ११:३०

अपडेट देतो. रविवारी गेलो. नशिबाने पाऊसही होता. रेनकोट घालून पहारीने शेवटचं चेंबर उघडलं, झाकणं तासभर काढून ठेवली, काका.

पाणी माझ्या पाईपच्या तोंडाच्या वर उभं. म्हणजे माझी लाईन आत बुडालेली, जाणार कुठे? पुढची सोसायटीची लाईन ओढ्याकडे जाते, ती अर्धी बुजलेली. लांब बांबूला आकडा बांधून वरूनच ओढलं. प्लास्टरचे ढेकळे, अर्धी गोणी, आणि फरशीच्या ग्राउटची एक अख्खी बादली, हँडलसकट. बादली निघाली तसा घुर्र आवाज झाला आणि पाणी डोळ्यादेखत हातभर उतरलं. मालक छत्री घेऊन उभे होते, त्यांनी स्वतः व्हिडिओ काढला.

मला वाटलं सुटलो. काकांचा शब्द म्हणून आरसा-बॅटरी लावली.

चंद्रकोर.

मालकांच्या देखत. मोजून पाहिलं तर तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरच्या मध्ये. आज उकरलं. ताई म्हणाल्या तसाच राडारोडा, अठरा फूट, बिल्डरने पुरलेला. पोरांनी त्यावर सरळ पाईप ठेवला होता, खाली ना खडी ना पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर). आभाळ भरून आलं होतं म्हणे. पाईप मधोमध पावणेदोन इंच बसला. बादलीभर पाणी सोडलं तेव्हा आलं होतं, कारण बादलीभरच होतं. त्या दिवशी मी साइटवर नव्हतो, मेव्हण्याचं लग्न होतं. पण काम माझं.

मालकांना तसंच सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

तळकोकणी | १ जुलै, सकाळी ७:५०

आता पैसे विसरा.

---

हॅरोकर | १ जुलै, दुपारी २:३०

तसं नाही, सांगितलं ते बरं केलं. हिशेब कसा तुटला ते लिहा.

---

पहारवाला | ९ जुलै, रात्री १०:१०

राडारोडा काढला, दोन फूट खाली मुरूम घालून पाणी मारून धुमस केली, वर चार इंच खडी, मग पाईप. अठरा फूट माझ्या खर्चाने. या वेळी दर दहा फुटाला नळी लावून सुतात मोजलं आणि मालकांना दोन्ही टोकांची लेव्हल वहीवर लिहून सही करायला दिली. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि मग सही केली. पुन्हा आरसा लावला. गोल.

लॉन आता कासव होणार. 'उतार' शब्द मी काढलाच नाही. चार इंच माती वाढेल, तिचे पैसे ते देतायत, दर ठरला, गाडीच्या मापाने.

रिटेन्शनमधले २५,००० काल आले. राहिलेले दिवाळीनंतर म्हणाले, पुढचे दोन-तीन पाऊस बघून. ठीक आहे, मीही बघतो.

---

घरमालक | ९ जुलै, रात्री १०:३५

बरं झालं. आणि ती ग्राउटची बादली कोणाची होती?

---

पहारवाला | ९ जुलै, रात्री १०:४०

बादलीवर मार्करने नाव लिहिलेलं आहे. फरशीवाल्याचं. तो फोन उचलत नाही.